तात्यांच्या विहिरीतले मासे

“या जाधवराव, वर या. असे फाटकाशी काय उभे?”

तात्यांनी झोपाळ्यावरूनच हात केला आणि तो माणूस चपला काढून पडवीत आला. तिशीचा असेल. खांद्याला कापडी पिशवी, हातात झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. तात्यांनी त्याला खुर्ची दिली. माझ्या सासऱ्यांनी कुणाला खुर्ची द्यावी हे काही रोजचं नव्हतं. बहुतेक लोक पायरीवर टेकत, नाहीतर उभ्याउभ्याच बोलून जात. म्हणून मी माजघराच्या दाराशी थांबून ऐकू लागले.

तो आमच्या उपकेंद्रात नव्याने आलेला आरोग्य सेवक होता. गौरी-गणपती नुकतेच उठले होते आणि कोंडवेळ गावात हिवतापाने कहर मांडला होता. आमच्या आळीत तर घरटी एकजण घोंगडी घेऊन कुडकुडत पडलेला. जाधवांनी डब्याचं झाकण उघडून तात्यांच्या पुढे धरलं.

“गप्पी मासे आहेत, साहेब. डासांच्या अळ्या खातात. तुमच्या विहिरीत सोडले तर आळीतला ताप निम्म्याने तरी कमी होईल. पाण्याला काही होत नाही, खाणंपिणं काही घालावं लागत नाही.”

तात्या वाकून बघू लागले. “एवढेसे? हे काय खाणार?”

“दिवसभर तेवढंच करतात, साहेब.”

“असे आमच्या पंचायतीत पुष्कळ आहेत,” तात्या म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूश होऊन हसले. “सोडा की मग. चांगल्या कामाला कोण नाही म्हणणार? सूनबाई, जाधवरावांना चहा ठेव.”

मी आत गेले. त्या दिवशी स्टोव्ह रुसला होता. पिन मारून, पंप मारून तो पेटेपर्यंत वेळ गेला. चहा घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. जाधव पायरीखाली उभे राहून चपला घालत होते. डब्याचं झाकण पुन्हा लागलेलं.

“पिण्याच्या पाण्यात जनावरं सोडायची नाहीत,” तात्या सांगत होते. “तुझ्या साहेबाला सांग जाऊन. आणि यापुढे काही काम असलं तर फाटकातूनच हाक मारायची.”

“बरं,” जाधव म्हणाले आणि निघाले.

“चहा झालाय,” मी म्हटलं.

“त्याला घाई आहे.” तात्यांनी माझ्या हातातून कप घेतला आणि तो चहा स्वतः पिऊन टाकला.

जाधवरावांचा एका चहाच्या आधणात ‘तू’ झाला होता हे माझ्या कानाला लागलं, नाही असं नाही. पण तात्यांचं तसंच असायचं. भास्करराव विचारे म्हणजे माजी सरपंच, देवस्थानाचे अध्यक्ष, शाळेचे अध्यक्ष, आणि जिथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी नसेल तिथे प्रमुख पाहुणे. समोरचा माणूस चार वाक्यं ऐकून घेईपर्यंत तो ‘राव’. त्याने पाचव्या वाक्याला मान हलवली नाही की त्याचं नुसतं आडनाव उरायचं. मला वाटलं, या बिचाऱ्याच्या तोंडून कुठेतरी ‘नियम’ हा शब्द गेला असणार. नियम हे तात्यांच्या मते इतरांसाठी केलेले असत.

आता विहिरीबद्दल सांगते. कोंडवेळ खाडीच्या काठावर. गावातल्या बहुतेक विहिरींचं पाणी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर एकच, आमच्या सुपारीच्या वाडीच्या कडेला, आळीला लागून. सगळी आळी तिथून पाणी भरायची. तात्या कुणाला अडवत नसत. मात्र बायका पाणी ओढत असल्या की ते पडवीत येऊन उभे राहत आणि आपल्या आजोबांनी ही विहीर कशी खणली, खडक कसा फोडला, पहिली घागर देवाला कशी वाहिली, हे सांगत. बायका पदर सावरून ऐकत. पाण्याच्या बदल्यात रोज एवढं ऐकून घेणं भाग होतं.

त्या दिवशी दुपारी जेवताना मी विषय काढला. मी कराडची. लग्न ठरलं तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. शिक्षण सुटलं, पण जीवशास्त्राची पुस्तकं डोक्यातून गेली नव्हती. पानात तळलेली मांदेली होती.

“तात्या, त्या माशांनी पाणी खराब होत नाही. उलट—”

“सूनबाई, पाणी म्हणजे देव,” तात्या म्हणाले आणि एका मांदेलीचा काटा ओठांतून ओढून ताटाच्या कडेला ठेवला. “त्यात जिवंत प्राणी सोडायचा, तो तिथेच घाण करणार, आणि ते आपण प्यायचं? आमच्या सात पिढ्यांत असलं झालं नाही.”

“पण विहिरीत कासव आहे ना. तुमच्या वडिलांनी सोडलेलं.”

“कासव हा विष्णूचा अवतार आहे.”

“मासासुद्धा अवतारच आहे, तात्या. पहिला.”

टेबलाखाली माझ्या पायावर सुहासचा पाय पडला. सुहास माझा नवरा. तालुक्याच्या पतसंस्थेत कामाला होता. वडिलांसमोर त्याचं काम एकच, लोकांच्या पायावर पाय देणं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी आणखी दोन मांदेली वाढून घेतल्या आणि सुहासला म्हणाले, “घाटावरच्या मुली बोलतात चांगलं.”

मांदेली कशी साफ करायची हे मला कुंदाने शिकवलं होतं. ती आळीत विहिरीसमोरच राहायची. तिचा नवरा दत्ताराम टेम्पो चालवायचा. तात्यांच्या भावकीतलाच, लांबचा. लग्न होऊन मी कोंडवेळला आले तेव्हा मासा हातात धरायचीसुद्धा मला किळस यायची. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात दुसरी बाई नाही. कुंदा मागच्या दाराने येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, “वैनी, डोळे मिटू नका, बोट कापेल. हा बघा, डोक्याला असा चिमटीत धरायचा नि खाली ओढायचं. सगळी आतडी सुटून येतात.” मी घाबरत ओढलं. तिने माझ्या मासोळीकडे बघितलं, म्हणाली, “अर्धी आतडी ठेवलीत तात्यांसाठी,” आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तात्यांना हसणारी आळीत ती एकटीच होती. बाकीच्यांना ते मोठेच वाटत.

या हिवतापाच्या दिवसांत कुंदाला सातवा महिना लागत होता. डोहाळजेवणाला हिरवी साडी घ्यायची की नाही यावर तिचं आणि सासूचं वाजत होतं. दोन्ही वेळचं पाणी मात्र तीच भरायची.

जाधव पुन्हा आले. या वेळी फाटकात थांबून त्यांनी हाक मारली. तात्यांनी झोपाळा थांबवला नाही.

“साहेब, मासे नको असतील तर निदान विहिरीला बारीक जाळी बसवा. आळीत तापाचे रुग्ण वाढतायत.”

“बघू.”

“एकदा पाणी तरी बघा.”

कुंदा तेव्हा पाणी ओढत होती. जाधवांनी पिशवीतून पांढरं चिनीमातीचं भांडं काढलं आणि फाटकाबाहेरून तिला म्हणाले, “ताई, यात थोडं ओता.” तिने कळशीतलं ओतलं. मीही जाऊन बघितलं. पाण्याच्या तोंडाशी काळसर काडीसारख्या अळ्या आडव्या पडल्या होत्या. भांडं हललं की वळवळत बाजूला सरकायच्या.

“शी, हे रोज पितो आपण?” कुंदा म्हणाली.

“गाळून पितो,” तात्या झोपाळ्यावरून म्हणाले. “आमच्याकडे पाणी गाळून पितात. ज्यांच्याकडे पीत नाहीत त्यांची गोष्ट वेगळी.”

जाधवांनी ते पाणी रस्त्यावर ओतलं, भांडं पुसून पिशवीत ठेवलं आणि आळीतल्या आजाऱ्यांच्या बोटांतून रक्त काढायला पुढे गेले. तात्यांनी त्यांच्या पाठीकडे बघत पानाची पिंक टाकली.

मला राहवेना. दोन दिवसांनी उपकेंद्रात गेले आणि जाधवांना म्हटलं, “मासे मला द्या. मी सोडते.”

त्यांनी हातातली वही मिटली. “घरात विचारलंत?”

“विहीर घरचीच आहे. मीही घरचीच आहे.”

“तुमच्यावर यायला नको, वहिनी.”

“ते माझं मी बघते.”

ते मागच्या हौदाकडे गेले आणि जाळीने काढून डबाभर मासे माझ्या हातात दिले. वाटेत काय काळजी घ्यायची, किती हळू सोडायचे ते सांगितलं. आणखी काहीतरी सांगायचं त्यांच्या मनात आहे असं वाटलं. पण ते सांगायचं टाळून आत गेले.

तात्या दुपारी झोपतात म्हणून मी भर दुपारी मासे सोडले. डबा दोराने पाण्याला टेकेपर्यंत सोडून कलता केला आणि ते एकेक करत बाहेर पडून खाली अंधारात दिसेनासे झाले. मागे वळले तर कठड्यापाशी तात्या उभे. त्या दिवशी त्यांना झोप लागली नव्हती.

“काय सोडलंस?”

“मासे.”

ते रागावले नाहीत. मला त्याचंच नवल वाटलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “कुठून आणलेस?”

“उपकेंद्रातून.”

“कोणी दिले? डॉक्टरांनी?”

“जाधवांनी.”

“त्याने स्वतःच्या हाताने काढून दिले?”

“हो. त्यांच्या हौदात होते.”

मग मात्र त्यांचा चेहरा बदलला. ते तडक वाडीत गेले आणि गड्यांना हाका मारू लागले. तासाभरात पंप लावला. आळीतली माणसं जमली. पाणी खाली गेल्यावर दत्ताराम कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला आणि धोतराच्या फडक्याने मासे गाळून बादलीत भरू लागला. बादली वर आली की गडी ती सुपारीच्या बुंध्यांशी रिकामी करायचा. ओल्या मातीत ते उड्या मारत होते, मग उड्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी भटजींना बोलावून गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला. आळीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, तात्या पाण्याला किती जपतात बघा. घामाने निथळत उभ्या असलेल्या दत्तारामच्या पाठीवर तात्यांनी थाप मारली तेव्हा त्याला पद्मश्री मिळाल्यासारखं झालं.

मला वाटलं, हा सगळा थयथयाट सुनेने शब्द मोडला म्हणून आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी आख्खी विहीर उपसणारा माणूस मला हास्यास्पद वाटला. मी संध्याकाळी सुहासला तसं म्हटलंही.

“तू वाद घालू नकोस,” तो म्हणाला. “तुला आमच्याकडचं माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“जाऊ दे.”

आठवड्याभरात विहीर पुन्हा भरली. डासही.

कुंदाला ताप आला तो नवरात्राच्या तोंडावर. पहिल्या दिवशी ती हसत होती, म्हणाली, “पोटातलं पण कुडकुडतंय बहुतेक, लाथा मारतंय.” जाधव येऊन रक्त घेऊन गेले, गोळ्या देऊन गेले आणि तिच्या सासूला निक्षून म्हणाले, “पोटुशी आहे, हिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या.” सासू म्हणाली, दत्तू भाडं घेऊन गेलाय, आला की बघू. दत्ताराम आला तेव्हा तो आधी तात्यांना विचारायला आमच्याकडे आला. आळीत कुठल्याही गोष्टीसाठी आधी तात्यांना विचारायची पद्धत होती.

“ताप काय सगळ्यांनाच येतो,” तात्या म्हणाले. “त्याचं ऐकून पळापळ करू नकोस. काढा दे. उद्या बघू.”

“तात्या, तिला न्यायलाच हवं,” मी म्हटलं. “दत्ताराम भावजी, टेम्पो काढा. मी येते बरोबर.”

दत्ताराम माझ्याकडे आणि तात्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी तो गेला, पण घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा माणूस ओळखेनाशी झाली. मग टेम्पो निघाला. मागे गादीवर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती मध्येच कुणाला तरी कळशी उचलायला सांगत होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय. ती तिथेच गेली, पोटातल्यासह. हिरवी साडी तिच्या अंगावर घातली ती तेव्हा.

कोंडवेळची बातमी तालुक्याला गेली. गरोदर बाई हिवतापाने गेली म्हटल्यावर जीप हलल्या. तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी डॉक्टर निंबाळकर स्वतः येणार असा निरोप आला आणि तात्यांच्या अंगात चैतन्य संचारलं. विहिरीच्या कठड्याला चुना लागला, झेंडूच्या माळा लागल्या. स्थानिक साप्ताहिकाचा फोटोग्राफर बोलावला गेला. ज्या कठड्यावर कुंदा कळशी टेकवायची तिथे तात्यांनी पांढरी चादर घालून नारळ आणि हळदकुंकू ठेवलं.

जीप फाटकाशी थांबली. डॉक्टर उतरले. मागच्या बाजूने जाधव उतरले, हातात मोठा कॅन. तात्या हात जोडून पुढे झाले.

“या डॉक्टरसाहेब. फलटणच्या निंबाळकरांपैकी ना आपण? मग तर घरचेच.”

दोघे हसत आत आले. जाधव कॅन घेऊन फाटकापर्यंत आले आणि तिथे थांबले. त्यांनी कॅन फाटकाच्या खांबावर ठेवला. ड्रायव्हर आला, तो उचलून आत घेऊन गेला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. हे इतक्या सहज झालं की रोजची सवय असल्यासारखं. जाधव मागे सरून आळीच्या त्या बाजूला, कुंदाच्या ओट्याशी जाऊन उभे राहिले.

तात्यांनी भाषण केलं. कुंदा आपल्याला लेकीसारखी होती. आपण पहिल्यापासून या मोहिमेच्या बाजूने होतो. विज्ञान आणि परंपरा यांची सांगड घातली पाहिजे. मत्स्य हा तर विष्णूचा पहिला अवतार. हे ऐकून मी सुहासकडे बघितलं. तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. डॉक्टरांनी कॅन कलता केला, फोटो निघाला, पुन्हा एकदा कलता केला कारण पहिल्या वेळी तात्यांचे डोळे मिटले होते. टाळ्या वाजल्या. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “तात्या, आता बाधणार नाही ना पाणी?”

तात्या म्हणाले, “डॉक्टरसाहेबांच्या हातचे मासे. आता प्रश्नच नाही.”

हातचे. मला विहिरीकाठची ती दुपार आठवली. कोणी दिले? स्वतःच्या हाताने काढून दिले? मी ओवाळायचं तबक तिथेच कठड्यावर ठेवलं आणि फाटकातून बाहेर गेले.

“जाधवभाऊ, एक विचारू?”

“विचारा.”

“पहिल्या दिवशी मी चहा करायला आत गेले, तेव्हा तात्या सोडा म्हणाले होते. मी परत येईपर्यंत काय झालं?”

त्यांनी एकदा विहिरीकडे बघितलं. मग म्हणाले, “काही नाही झालं. गाव विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, वा, तिथले जाधव म्हणजे आमचे पाहुणेच निघतील. मग म्हणाले, घर कुठे गावात, देवळाच्या वरच्या अंगाला की खालच्या? मी म्हटलं, बुद्धवाडीत.”

“मग?”

“मग तुमच्या सासऱ्यांना पाण्याची काळजी वाटायला लागली.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या गावात वीज नाही, रस्ता कच्चा आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. माझे कान मात्र तापले. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण एक बाई आणि तिच्या पोटातलं मूल या एका उत्तरावर गेलं होतं. आणि मी आजवर ते म्हाताऱ्याच्या तोऱ्याचं काम समजत होते.

“कॅनमध्ये अजून मासे आहेत,” मी म्हटलं. “तुम्ही चला. तुमच्या हाताने सोडा. सगळ्यांसमोर. मी बघते कोण अडवतं.”

जाधवांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. ती नजर मी पुढे कितीतरी वर्षं विसरले नाही. तात्या ज्या नजरेने लोकांकडे बघत त्यात नुसती हवा असायची. या नजरेत वजन होतं, आणि ते माझ्यावरही पडलं होतं.

“नको, वहिनी. तुमच्या विहिरीला हात लावायची मला हौस नाही. मासे पडले पाण्यात, झालं. माझं काम डासांशी आहे. तुमच्या घरातलं तुम्ही बघा.”

“सूनबाई,” आतून तात्यांनी हाक मारली, “डॉक्टरांना ओवाळायचंय. तिकडे रस्त्यात काय करतेस?”

मी आत गेले, पण तबकाला हात लावला नाही. सरळ माजघरात जाऊन बसले. बाहेर कुणीतरी दुसऱ्या बाईला पुढे केलं.

संध्याकाळी सुहास पतसंस्थेतून आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो कॉटवर बसून मोजे काढत होता.

“तुला आज कळलं?” तो म्हणाला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मी त्या दिवशी आत कपडे बदलत होतो. ऐकू आलं. मला वाटलं, तुला कळलंच असेल. म्हणून तर सांगत होतो, वाद घालू नकोस.” मग माझा चेहरा बघून तो म्हणाला, “तात्या जुन्या वळणाचे आहेत. आता या वयात त्यांना काय बदलणार? आणि शेवटी मासे आलेच ना विहिरीत?”

त्या माणसाशी मी लग्न करून दोन वर्षं संसार केला होता. त्या क्षणी मला त्याचा रागसुद्धा आला नाही. चिखलात रुतलेल्या चपलेचा राग कोण करतं?

सकाळी तात्यांना चहा दिला तेव्हा त्यांनाही विचारलं. “तात्या, जाधवांना तुम्ही त्यांचं घर कुठे म्हणून विचारलंत ना?”

“माणसाची ओळख नको का करून घ्यायला?” ते म्हणाले. साप्ताहिकात फोटो कोणत्या पानावर येईल याचा ते विचार करत असावेत. त्यांनी कप पुढे केला. “साखर कमी झालीय. घाल जरा.”

मी साखरेचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आत येऊन ट्रंक भरायला घेतली.

तालुक्याला एक खोली बघितली, शाळेत बदली शिक्षिकेची जागा मिळाली. सुहास महिन्याभराने मागून आला. वडिलांना सोडून आला म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं. खरं म्हणजे त्याला स्वयंपाक येत नव्हता. मला कीव आली म्हणून मी त्याला दार उघडलं आणि पुढची वीस वर्षं ते उघडंच राहिलं, एवढंच. तात्या त्यानंतर पुष्कळ जगले. गप्पी माशांनी त्यांच्या विहिरीत मोठं कूळ वाढवलं, आळीतला ताप हटला, आणि जिल्ह्यातून कोणी आलं की तात्या त्यांना विहिरीपाशी नेऊन आपण हे कसं आणलं ते सांगायचे.

पण कोंडवेळ सोडायच्या आदल्या दिवशी मी एक काम केलं होतं. मला वाटलं, निदान एका माणसाला तरी खरं कळलंच पाहिजे. ज्याची बायको गेली, ज्याने स्वतःच्या हाताने ते मासे गाळून बाहेर काढले, त्याला. तो चिडेल, तात्यांच्या पडवीत जाऊन त्यांची गचांडी धरेल, आणि मला ते बघायचं होतं.

दत्ताराम घरासमोर टेम्पोत नारळाची पोती चढवत होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि सुरुवातीपासून सांगितलं. तात्या आधी हो म्हणाले होते. मग त्यांनी गाव विचारलं, घर विचारलं. पाण्याचा, घाणीचा, सात पिढ्यांचा काही संबंध नव्हता. मासे पहिल्याच दिवशी सोडले असते तर भादव्यातच अळ्या संपल्या असत्या.

तो खाली मान घालून सगळं ऐकत होता. त्याच्या हाताच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या.

“तेव्हाच सांगायला हवं होतं हे तात्यांनी,” शेवटी तो म्हणाला. “मी गेलो असतो ना, वैनी. मी आणला असता डबा. आपल्यातलाच माणूस लागत होता, एवढंच ना.”

त्याने मनगटाने डोळे पुसले, उठला आणि पुढचं पोतं पाठीवर घेतलं.